लाकडी फळीतली लाट भिंतीवर लावताना

डावीकडून उसळलेली निळी लाट, तिच्या टोकाला वळलेला पांढरा फेस, खाली तीन लांबट होड्या, त्यांत अंग चोरून बसलेले नावाडी आणि मागे लांबवर इवलासा फुजी पर्वत. हे चित्र पाहिलं नाही असा माणूस आता सापडणं कठीण. कॉफीच्या मगवर ते असतं, फोनच्या कव्हरवर असतं, घरासाठी 'जपानी वॉल आर्ट' शोधायला गेलात तर पहिल्या रांगेत तेच येतं. जुलै २०२४ मध्ये जपानने हजार येनची नवी नोट काढली, तिच्या मागच्या बाजूलाही हीच लाट आहे. चित्रकार कात्सुशिका होकुसाई, काळ १८३१ च्या आसपासचा.

आता कोडं असं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ही लाट आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्येही आहे. यांपैकी कोणीही आपल्याकडची प्रत नक्कल आहे असं म्हणत नाही आणि कोणी खोटंही बोलत नाही. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात आणखी एक लाट सुमारे साडेसत्तावीस लाख डॉलरना गेली, तीही अस्सलच. जगभर मिळून अशा जुन्या प्रती शंभराहून थोड्या जास्त उरल्या आहेत. मग यातलं मूळ चित्र कोणतं?

दुसरं कोडं पहिल्याच्या पोटात आहे. या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या सारख्या दिसत नाहीत. एकीच्या आकाशात फिकट गुलाबी ढग तरंगताना दिसतात, दुसरीत आकाश कोरं आहे. एकीत शीर्षकाच्या चौकटीची रेघ सलग आहे, दुसरीत तीच रेघ मध्येच तुटली आहे.

दोन्ही कोडी चित्र कसं बनलं ते कळलं की सुटतात. असं चित्र घरात लावायचं असेल तर हे कळून घेण्याला आणखी एक कारण आहे. ते कुठल्या भिंतीवर लावावं, काच कसली घालावी, मागे काय चिकटवावं आणि काय अजिबात चिकटवू नये, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या कागदात आणि त्या रंगांतच आहेत. फ्रेमवाल्याच्या दुकानात ती मिळतीलच असं नाही.

मूळ चित्र कोरताना संपतं

चित्र म्हटलं की आधी एक अस्सल चित्र आणि मग त्याच्या नकला अशी उतरंड आपल्या डोक्यात असते. जपानी छापचित्रांत ती उतरंडच नाही.

एदो, म्हणजे आजचं तोक्यो, हे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. तिथे छापचित्रांचा धंदा प्रकाशकाच्या हातात असे. विषय तो ठरवी, पैसा तो घाली, विक्रीही तोच करी. होकुसाईची 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं' ही मालिका निशिमुराया योहाची या प्रकाशकाने काढली. ती इतकी चालली की छत्तीसवर आणखी दहा चित्रं काढावी लागली. नाव मात्र छत्तीसच राहिलं. होकुसाई तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता.

होकुसाईने स्वतः काय केलं? पातळ कागदावर शाईने रेघांचं चित्र काढून दिलं. ते कोरणाऱ्याकडे गेलं. कोरणाऱ्याने जंगली चेरीच्या लाकडाची गुळगुळीत तासलेली फळी घेतली, तिला खळ लावली आणि चित्र पालथं चिकटवलं. मग मागून ओलसर बोटांनी कागदाचा थर चोळून इतका पातळ केला की रेघा आरपार दिसू लागल्या. त्यानंतर एकेका रेघेच्या दोन्ही अंगांनी पाती चालवून, मधलं लाकूड पटाशीने काढत त्याने फक्त रेघा उभ्या ठेवल्या. या कामात होकुसाईने काढलेला कागद भुसा होऊन गेला. म्हणजे चित्रकाराच्या हातचं जे होतं ते पहिली प्रत छापण्याआधीच नाहीसं झालं. कोपऱ्यात दिसणारी सहीसुद्धा कोरलेली आहे.

तेव्हा लाटेची जी पहिली प्रत छापली गेली, तिच्या आधी ती लाट रंगीत रूपात कुठेच नव्हती. त्या फळ्यांवरून छापलेली प्रत्येक प्रत सारख्याच हक्काची. फळी झिजत जाते, एखादी बारीक रेघ तुटते, म्हणून आधीची प्रत आणि नंतरची प्रत असा फरक मात्र पडतो. शीर्षकाच्या चौकटीची तुटकी रेघ ही अशीच झीज आहे आणि ती पाहून जाणकार प्रतींचा क्रम लावतात.

या साखळीतला कोरणारा मला नेहमी सर्वांत अवघड जागी बसलेला वाटतो. ब्रशने रेघ काढायला क्षण लागतो, तीच रेघ लाकडात ठेवायची तर तिच्याभोवतीचं सगळं जग काढून टाकावं लागतं. उतागावा हिरोशिगेचं १८५७ चं पुलावरच्या वळवाचं चित्र पाहा. ओहाशी पुलावर अचानक पाऊस कोसळतो आहे, माणसं छत्र्या आणि गवती आच्छादनं सावरत धावताहेत. त्यातला पाऊस म्हणजे दोन किंचित वेगळ्या कलांनी पडणाऱ्या बारीक काळ्या रेघा. त्यातली एकेक रेघ म्हणजे लाकडात केसाच्या जाडीची उभी ठेवलेली भिंत. स्त्रियांच्या चित्रांत कपाळावरच्या केसांची मुळं कोरण्याचं काम कारखान्यातल्या सर्वांत जुन्या हाताकडे असे, उमेदवार पोरांकडे कपड्यांच्या घड्या आणि झाडं यायची. पण चित्रावर या लोकांचं नाव सहसा नसतं. प्रकाशकाचं चिन्ह असतं, चित्रकाराची सही असते, अगदी सरकारी तपासनिसाचा शिक्काही असतो.

प्रत्येक रंगाला वेगळी फळी

सुरुवातीची छापचित्रं एकरंगी होती, फार तर हाताने रंग भरलेली. १७६५ मध्ये एदोतल्या हौशी श्रीमंतांनी एकमेकांना भेट द्यायला देखणी चित्र-कॅलेंडरं करवून घेतली, त्यात सुझुकी हारुनोबु या चित्रकाराच्या हाताखाली अनेक रंगांची छपाई पहिल्यांदा फुलली. पद्धत अशी की रेघांच्या मुख्य फळीवरून काही प्रती काळ्यात छापायच्या, चित्रकाराने त्यांवर कुठे कोणता रंग ते दाखवायचं आणि प्रत्येक रंगासाठी निराळी फळी कोरायची. लाकूड महाग, म्हणून फळीच्या दोन्ही बाजू वापरत.

अडचण लगेच लक्षात येते. एकच कागद पाच, आठ, कधी पंधरा वेळा वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायचा आणि प्रत्येक वेळी निळा रंग निळ्याच्या जागी, लाल लालच्याच जागी पडला पाहिजे. यावरचा तोडगा आश्चर्य वाटावा इतका साधा आहे. प्रत्येक फळीच्या कडेला दोन खुणा कोरलेल्या असतात, एका कोपऱ्यात काटकोनी आणि त्याच बाजूला थोड्या अंतरावर सरळ. कागदाचा कोपरा पहिल्या खुणेत आणि कड दुसऱ्या खुणेला टेकवली की कागद हलत नाही. या खुणांना केंतो म्हणतात. सगळ्या फळ्यांवर केंतो एकाच जागी, म्हणून रंगही जागच्या जागी. चेरीचं लाकूड निवडण्यामागे हेही एक कारण आहे. ते कठीण, दाट आणि ओलीकोरडी हवा खाऊन सहज न वाकणारं असतं.

आपल्याकडे याच अडचणीला दुसऱ्या वाटेने भिडलेलं उदाहरण आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्म्यांचा छापखाना. तिथे लाकडाऐवजी दगड होते आणि छापायला यंत्र होतं, पण एकेका रंगासाठी निराळा दगड आणि प्रत्येक रंग नेमक्या जागी बसवण्याची कसरत तीच. त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घराघरांत गेल्या. फ्रेमबद्दल बोलताना मला त्यांच्याकडे परत यावं लागेल.

रंग कागदावर बसत नाही, कागदात मुरतो

पाश्चात्त्य छपाईत दाब यंत्राचा आणि शाई तेलाची. जपानी छपाईत दोन्ही नाहीत. रंग पाण्यात कालवलेला असतो, त्यात तांदळाची थोडी खळ मिसळतात आणि तो ब्रशने फळीवर पसरतात. वर आदल्या दिवशीपासून ओलसर ठेवलेला कागद टाकायचा आणि त्याच्या पाठीवर बारेन फिरवायचा. बारेन ही तळव्याएवढी गोल चकती. आत बांबूच्या सालीची पिळून केलेली दोरी गुंडाळलेली असते, बाहेरून बांबूच्या कोंबाच्या आवरणाचं वेष्टन. छापणारा अंगाचा भार हातात आणून ती चकती गोल-गोल घासतो आणि फळीवरचा रंग कागदाच्या तंतूंत ओढला जातो.

हे जमतं ते कागदामुळे. जपानी कागद, म्हणजे वाशी, बहुधा कोझो नावाच्या झुडपाच्या आतल्या सालीपासून करतात. त्याचे तंतू लांब असतात, म्हणून तो ओला असताना आठ-दहा वेळा घासला तरी फाटत नाही. सरस आणि तुरटीच्या पातळ पाण्याचा हात आधी दिलेला असतो, त्यामुळे रंग मुरतो पण फुटून पसरत नाही.

ही मुरण्याची गोष्ट आपल्याला हळदीच्या डागावरून चांगली कळेल. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली की हळद धाग्याच्या पोटात शिरते, खरवडून निघत नाही. छापचित्रातला रंगही तसाच कागदाच्या आत असतो, म्हणून त्याचे पापुद्रे सुटत नाहीत आणि चित्र उलटं करून पाहिलं तर मागूनही लाट दिसते. पण त्याच सदऱ्याचं दुसरं टोकही प्रत्येक घराला माहीत आहे. साबणाने न गेलेला तो डाग सदरा दोन-चार दिवस कडक उन्हात वाळत घातला की आपोआप उडतो. धागा तोच, डागाची जागा तीच, पण उजेडाने हळदीच्या रंगाचा रेणूच मोडून टाकलेला असतो. जपानी छापकारांच्या पिवळ्या रंगांत हळदही होती, हे इथे सांगायलाच हवं.

छापण्यातली आणखी एक करामत बोकाशी. हिरोशिगेच्या चित्रांत वरच्या कडेला गडद निळा पट्टा खाली येता येता विरून जातो, ती बोकाशी. फळीवर ही छटा कोरलेली नसते, फळी सपाटच असते. छापणारा तिचा एक भाग ओल्या फडक्याने पुसून घेतो, रंग एका कडेला ठेवतो आणि ब्रशने असा ओढतो की तो पाण्यात पातळ होत जावा. हे प्रत्येक प्रतीसाठी नव्याने करावं लागतं. एका खेपेला दोनशेच्या आसपास प्रती काढायच्या तर दोनशे वेळा. साहजिकच एका प्रतीतलं आकाश दुसरीत जसंच्या तसं येत नाही. खेप बदलली की छापणाऱ्याचा हात बदले, प्रकाशक एखादा खर्चिक रंग गाळूनही टाके. कोऱ्या आकाशाचं हे एक कारण.

हातात धरायचं चित्र

ही चित्रं मुळात भिंतीसाठी नव्हती. ओबान या नेहमीच्या आकाराचा कागद साधारण ३८ बाय २६ सेंटिमीटर, म्हणजे मांडीवर घेऊन बघायचा. किंमत सोबा नावाच्या शेवयांच्या एक-दोन वाटग्यांइतकी. लोक ती दुकानातून आणत, दिव्याजवळ धरून तिरपी करून बघत, वहीत चिकटवून ठेवत. कितागावा उतामारोच्या सुंदरींच्या मागे अभ्रकाची पूड लावलेली असे, ती चित्र हलवलं की चमके. काही ठिकाणी रंगच नसे, नुसता दाब देऊन कागदावर उठाव आणलेला असे. मांजराचे केस, बर्फ, पांढऱ्या कापडाची वीण असं काय काय त्या उठावात आहे. सरळ समोरून, काचेमागे, ट्यूबलाइटच्या उजेडात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून असं चित्र लावलंच तर त्याच्यावर उजेड बाजूने पडेल असं पाहावं.

अपवाद होता तो खांबावरच्या चित्रांचा. जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर रुंद आणि सत्तर सेंटिमीटर उंच अशी ही पट्ट्यांसारखी चित्रं लाकडी घरांच्या खांबांवर लावत. चुलीचा धूर, हात, ओल यांनी त्यातली बहुतेक गेली आणि जी उरली ती बरीचशी तपकिरी आहेत. जपानी घरात भिंतीवरच्या चित्राचा मान होता तो तोकोनोमा नावाच्या कोनाड्यातल्या लोंबत्या गुंडाळीला. तिथे एका वेळी एकच चित्र, आणि ते ऋतूनुसार बदलायचं. वर्षानुवर्षं एकच चित्र एका खिळ्याला टांगून ठेवण्याची कल्पना तिथली नाही.

काचेच्या फ्रेमा आल्या त्या युरोपातून. जपानची बंदरं उघडल्यावर ही चित्रं ढिगांनी पॅरिसला पोचली. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आणि त्याच्या भावाने शेकड्यांनी जमवली, १८८७ मध्ये हिरोशिगेचा तोच वळीव व्हिन्सेंटने तैलरंगांत उतरवला. क्लोद मोनेने जिव्हर्नीच्या घरातल्या पिवळ्याधमक जेवणघराच्या भिंती छापचित्रांनी भरून टाकल्या. आज आपल्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लाट येते ती होकुसाईकडून थेट येत नाही, या पॅरिसवाल्यांकडून येते.

उजेडाचं गणित

संग्रहालयांत या चित्रांच्या दालनात शिरलं की अंधारून आल्यासारखं वाटतं आणि लोक कुरकुरतात. तिथे उजेड साधारण ५० लक्स ठेवतात. लक्स हे पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजायचं माप. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. उजेडाचं नुकसान साठत जातं, चित्र काढून ठेवलं म्हणून भरून येत नाही. म्हणजे नुसत्या हिशेबाने पाहिलं तर थेट उन्हातला एक तास म्हणजे संग्रहालयातले दोन हजार तास. रोज आठ तास दालन उघडं धरलं तर अडीचशे दिवस. उन्हातल्या अतिनील किरणांचा जास्तीचा मार तर यात धरलेलाच नाही. आपल्याकडे पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता सोफ्यावर येणारं ऊन आठवा.

सगळे रंग मात्र सारखे हळवे नसतात. करडईच्या फुलांपासून काढलेला गुलाबी-लाल लवकर फिकतो. एका रानफुलाच्या पाकळ्यांपासून काढलेला निळा त्याहून नाजूक, त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी तो जागा सोडतो. या दोघांना मिसळून केलेला जांभळा तर दोन्हीकडून मार खातो आणि शेवटी मळकट तपकिरी उरतो. उलट होकुसाईने लाटेसाठी वापरलेला प्रशियन निळा हा प्रयोगशाळेतला रंग. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तो योगायोगाने सापडला आणि १८२० नंतरच्या दशकात जपानमध्ये परवडेल इतका स्वस्त झाला. तो बराच टिकाऊ आहे. म्हणून कित्येक प्रतींत लाट अजून निळी आहे आणि मागचे फिके ढग उडून गेले आहेत. आकाशाच्या कोड्याचा उरलेला अर्धा भाग हा.

मूळ रंग कसे होते हे कळायला एक विलक्षण साधन आहे. विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग या भावांनी १९२१ मध्ये आपली सहा हजारांहून अधिक छापचित्रं बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला दिली, ती कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत या अटीवर. अट ऐकताना विक्षिप्त वाटते. पण त्या अंधारातल्या चित्रांचे जांभळे आणि गुलाबी रंग आज इतके ताजे आहेत की इतर संग्रहांतली तीच चित्रं त्यांच्यापुढे धुऊन काढल्यासारखी दिसतात. फिकट मातकट रंगांना 'जपानी अभिरुची' म्हणून आपण डोलतो, त्यातली बरीचशी अभिरुची उन्हाची आहे.

पावसाळा आणि फ्रेम

उजेडाहून आपल्या हवेत मोठा शत्रू ओल आहे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि ६५-७० टक्क्यांपासूनच बुरशीला कागदावर बस्तान बसवता येतं. या कागदात तर तिच्या आवडीचं सगळं आहे, तंतू, सरस, तांदळाची खळ. कसर नावाचा तो चंदेरी किडाही याच खळीसाठी येतो.

आता रविवर्म्यांच्या तसबिरी. जुन्या घरांतली एखादी तसबीर उघडायला गेलं की बऱ्याचदा लक्ष्मीच्या चेहऱ्याचा तुकडा काचेलाच चिकटून येतो. तिथे कागद थेट काचेला टेकवलेला असतो. गारठ्यात काचेच्या आतून दमट हवेचं पाणी होतं, कागद ते पितो, वाळताना काचेला धरून बसतो. जपानी छापचित्रातले काही रंग पाण्यात विरघळणारे, म्हणजे धोका आणखी मोठा. यावर उपाय म्हणजे चित्राभोवतीचा माउंट, मध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. तो शोभेसाठी असतो असं वाटतं. त्याचं खरं काम काच आणि कागद यांच्यात तीन-चार मिलिमीटर हवा ठेवणं हे आहे.

पण पुठ्ठाही चांगला हवा. स्वस्त पुठ्ठ्यात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं लिग्निन जुनं होता होता आम्ल सोडतं आणि माउंटच्या खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी चौकट उमटते. मागे हार्डबोर्ड किंवा प्लाय थेट टेकवला तर तेच. म्हणून पुढचा-मागचा दोन्ही पुठ्ठा आम्लविरहित मागून घ्यावा. तो महाग असतो आणि फ्रेमवाला 'काही फरक पडत नाही' असं म्हणतो. दहा वर्षांनी पडतो.

सगळ्यात जास्त चित्रं मरतात ती चिकटवण्याने. चित्र सपाट दिसावं म्हणून पूर्ण पाठीला गोंद लावून पुठ्ठ्यावर डकवतात. वाशी दमट हवेत पसरतो आणि कोरड्या हवेत आकसतो. पूर्ण डकवला तर त्याला हलायला जागा नसते, मग तो सुरकुततो किंवा ताणून फाटतो. जाणकार वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने चित्र टांगतात. बाकीचं चित्र मोकळं लोंबतं. किंचित लाटा दिसतात, दिसू द्याव्यात.

चौकट : फ्रेमवाल्याकडे जाताना

चित्राची कड कापू देऊ नका, समासातले शिक्के आणि तारखाही चित्राचाच भाग आहेत. सेलोटेप, फेविकॉल, गरम करून डकवणं, यांपैकी काहीही नको. वरच्या कडेला दोन पट्ट्या, गव्हाची किंवा तांदळाची खळ, म्हणजे उद्या पाण्याच्या हाताने सोडवता येईल. पुठ्ठा पुढे-मागे आम्लविरहित. काच अतिनील किरण अडवणारी मिळाली तर उत्तम, पण त्या काचेच्या भरवशावर उन्हात टांगू नका, दिसणारा उजेडही रंग उडवतोच. फ्रेमच्या मागच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. पाऊस झोडपतो ती बाहेरची भिंत, न्हाणीघराची भिंत आणि गॅसच्या जवळची भिंत सोडून कुठेही लावा. पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहा.

मग घ्यायचं काय?

एवढं वाचल्यावर कोणी म्हणेल की हे लावण्यापेक्षा पेटीत ठेवलेलं बरं. होकुसाईच्या काळातली खरीखुरी लाट असेल तर मीही तेच म्हणेन, पण ती आपल्यापैकी कोणाकडे असण्याची शक्यता नाही. बाजारात जे मिळतं ते तीन प्रकारचं असतं.

पहिलं पोस्टर, म्हणजे फोटोवरून यंत्राने छापलेलं. त्यात वाईट काही नाही, उन्हात गेलं तर दुसरं आणता येतं. फक्त 'वुडब्लॉक' असं लिहिलं म्हणून वुडब्लॉकची किंमत देऊ नये. भिंग घ्या. सलग रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते यंत्राचं काम. लाकडावरून छापलेल्या रंगाला ठिपके नसतात, असलीच तर लाकडाच्या रेषांची पुसट छाया असते. मग पाठ बघा. मागून रंग झिरपलेला दिसतोय का, बारेनच्या गोल घासण्याच्या खुणा आहेत का? पोस्टरची पाठ कोरी असते.

दुसरा प्रकार नव्याने कोरलेल्या फळ्यांवरून जुन्याच पद्धतीने छापलेल्या प्रती. तोक्योची अदाची संस्था आजही चेरीच्या फळ्या, वाशी आणि बारेन वापरून लाट छापते. होकुसाईच्या फळ्या या नव्हेत, पण होकुसाईही स्वतः कोरत-छापत नव्हता. पहिल्या कोड्याचं उत्तर मान्य केलं तर या प्रतीला निव्वळ नक्कल म्हणताना जीभ अडखळते. घरासाठी मला हाच प्रकार सर्वांत योग्य वाटतो. लाटेचे रंग छापणाऱ्याच्या टेबलावर कसे दिसत असतील, ते दोनशे वर्षं जुन्या प्रतीपेक्षा इथे जास्त कळतं.

तिसरा प्रकार विसाव्या शतकातली छापचित्रं. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो याने चित्रकार, कोरणारा, छापणारा ही जुनी साखळी पुन्हा जोडली. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत त्याच्या फळ्या जळाल्या, तरी त्याने पुन्हा सुरुवात केली. कावासे हासुईची बर्फातली देवळं आणि पावसातल्या रात्री या काळातल्या. योशिदा हिरोशी मात्र स्वतःचा छापखाना घालून कोरणाऱ्या-छापणाऱ्यांवर जातीने नजर ठेवून असे. १९२६ च्या शिडांच्या होड्यांच्या चित्रांत त्याने त्याच फळ्या वेगवेगळ्या रंगांनी छापून सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र आणि धुकं अशी निराळी चित्रं काढली. १९३०-३१ च्या हिवाळ्यात तो भारतात आला आणि परत जाऊन इथल्या जागांची मालिका छापली. ताजमहाल त्यात दिवसाचा आहे, रात्रीचा आहे, सकाळच्या धुक्यातला आहे, आणि अजिंठ्याची लेणीही आहेत. ब्रिटनच्या युवराज्ञी डायना यांच्या केन्सिंग्टन पॅलेसमधल्या भिंतीवर याच योशिदाची चित्रं होती.

योशिदाचं चित्र घेताना डावा समास बघावा. त्याच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींवर तिथे 'जिझुरी', म्हणजे स्वतः छापलेलं, असा छोटा शिक्का असतो. १९५० मध्ये तो गेल्यावरही कुटुंबीयांनी त्याच्या फळ्यांवरून चित्रं छापली. ती फळ्यांच्या दृष्टीने अस्सलच आहेत, पण त्यांवर तो शिक्का नाही आणि त्यांची किंमत बरीच कमी असते. समास माउंटखाली गेला असेल तर विकणाऱ्याला फ्रेम उघडायला सांगावी.